काम सुटलं तर घरात सांगा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलताना जे राहून गेले ते लिहिताना थोडे घातले आहे.)



 समितीने मला विषय दिला होता 'विहार आणि आपली जबाबदारी'. तो विषय मी जरा बाजूला सारतो, अध्यक्षांनी रागावू नये. शेवटी मी त्याच्यावरच येणार आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या वस्तीतल्या एका पोराचं पिरंगुटकडचं काम सुटलं. ठेकेदाराकडे चार वर्षं होता. कंपनीचं नाव घेत नाही, पोराचंही घेत नाही. तो रोज सकाळी साडेसहाला डबा घेऊन गाडीला किक मारून निघत होता आणि संध्याकाळी वेळेवर घरी येत होता. आईला वाटे पोरगं कामावर आहे. असे त्याने दोन महिने काढले. पगाराच्या तारखेला मोबाईलवरून कर्ज काढून आईच्या हातात पैसे ठेवले. पहिलं कर्ज फेडायला दुसरं काढलं. एका दिवशी तो धरणाच्या पाण्याकडेला एकटा बसलेला गावातल्या एका माणसाला दिसला. पाऊस पडत होता आणि त्याची चप्पल बाजूला काढून ठेवलेली होती. त्या माणसाने त्याला काही विचारलं नाही, नुसता चहा पाजला आणि घरी आणून सोडलं. पुढचं सांगत नाही. तो पोरगा आज या मंडपात बसलेला आहे, आणि त्याला विचारूनच मी हे बोलतो आहे.

मला त्याचा राग आला नाही. कारण हे मी पूर्वी पाहिलं होतं. आमच्या घरात दोनदा नोकरी गेली. एकदा वडिलांची, एकदा माझी. दोन्ही वेळा काय झालं तेवढंच मला सांगायचं आहे.

थोडं मागे जातो. आपल्या मुळशीची माणसं मुंबईला का गेली? १९२१ साली टाटांच्या धरणाचं काम इथं सुरू झालं. रामनवमीला, १६ एप्रिलला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. तरी धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. मोबदला ज्याच्या नावावर जमीन त्याला. ज्याचं पोट गावकीच्या कामावर आणि बलुत्यावर, त्याचा मोबदला कोणत्या कागदावर मांडणार? ती आपली पहिली सुटलेली नोकरी, असं मी मानतो. त्या पाण्यावर खाली भिऱ्याला वीज तयार झाली, ती मुंबईला गेली, आणि टाटांच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आपली माणसं त्याच मुंबईत पोटामागे गेली. कुणी डबे वाहिले, कुणी हमाली केली, कुणी गिरणीत बदली म्हणून चिकटला.

गिरणीतसुद्धा आपल्याला कुठल्या खात्यात घेत? साच्यावर नाही. धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धागा बाकीच्यांना चालत नसे. साच्याला पगार जास्त, आणि तिथेच आपल्याला बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. माझे वडील रिंग खात्यात होते, पुढे मीही रिंग खात्यातच लागलो. तोपर्यंत बंदी बिंदी काही राहिली नव्हती, पण ओळखीने माणूस लागतो आणि ओळख त्याच खात्यात असते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. वडील होळीला मालेला आले ते म्हणाले, "पंधरा दिसात मिटंल." मग म्हणाले, पावसाच्या आत मिटंल. मग दिवाळी. आता माणसं म्हणतात संप चुकला, कुणी म्हणतं पुढाऱ्यांनी बुडवलं. मला त्यात जायचं नाही. १९४६ च्या कायद्याने मालकाशी करार करायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि कामगार होता दुसऱ्याच पुढाऱ्याच्या मागे. त्यामुळे बोलणी कुणी कुणाशी करायची हाच घोळ झाला. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. लाखाच्या वर माणसं कामावर परत गेली नाहीत, त्यात माझे वडील.

पण वडिलांना संपाने मोडलं नाही, हे मी आज पन्नाशी ओलांडल्यावर सांगू शकतो. संप तर सगळ्यांचाच होता, त्यात लाज कसली? त्यांना मोडलं ते गप्प राहण्याने. त्यांनी लालबागला एका सावकाराकडून पैसे घेतले होते, ते आईला माहीत नव्हतं. दर महिन्याला भाडं खर्चून गेट उघडलं का बघायला जायचे, आणि येताना नवं कर्ज घेऊन यायचे. घरातली तांब्याची भांडी एकेक करून पौडला गेली. आईचं डोरलं गेलं. आई विचारी, "किती देणं हाय ते तरी सांगा." ते म्हणत, "तुला काय करायचंय." गावात मराठ्यांची मुलं गिरणीतून परत आली त्यांना निदान वावर होतं, भाताची चार खाचरं होती. आपल्या वाट्याला वतनाची पट्टी, तीही भावकीत वाटलेली. वडील पुढे प्यायला लागले. माझी शाळा नववीत सुटली. आकडा आम्हाला कळला तो १९८५ साली, सावकाराचा माणूस इथं घरी आला तेव्हा. अकरा हजार. सुरुवातीला घेतले होते नऊशे.

आई त्या रात्री एकच वाक्य बोलली: "नऊशे असताना सांगितलं असतं तर शेळ्या विकल्या असत्या."

मी १९८७ साली मुंबईला गेलो, एका गिरणीत बदली लागलो. नाव सांगत नाही, आता तिथे टॉवर आहे. रात्रशाळेत दहावी केली, पुढे जे वाचलं ते विहाराच्या आणि युनियनच्या कपाटातलं. लग्न झालं तेव्हा मी मुलांच्या आईला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं की माझ्या पगाराचं पाकीट तू फोडायचं. मित्र हसायचे. हसू देत.

गिरणी बंद पडणार हे नोटीस लागायच्या आधी तीन वर्षं दिसत होतं, ज्याला बघायचं होतं त्याला. कापसाच्या गाठी आठवड्याऐवजी दोन दिवस पुरतील एवढ्याच यायला लागल्या. मशीनचा पट्टा तुटला तर नवा येईना, शेजारच्या बंद मशीनचा काढून लावायचा. सात तारखेचा पगार दहाला, मग सतराला, मग दोन हप्त्यांत. ऑफिसातले बाबू आमच्या आधी नोकऱ्या सोडून जाऊ लागले, हे सर्वांत मोठं लक्षण, कारण त्यांना वह्या दिसतात. आणि एकदा आम्ही चौघे प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑफिसात जाऊन चौकशी करून आलो, तर पाकिटातून कापलेले पैसे आठ महिने भरलेलेच नव्हते. जॉबर म्हणाला, "शंभर वर्षांची गिरणी आहे, कुठं जाते?" तो शेवटच्या दिवसापर्यंत तसंच म्हणत होता. आज पिरंगुट, उरवड्याकडे कामाला जाणाऱ्या मुलांनो, तुमच्या कंपनीत कापूस नसेल, पण माल ठेवायची जागा असेल, पगाराची तारीख असेल, ऑफिसात बाबू असतील. डोळे उघडे ठेवा.

त्या तीन वर्षांत आम्ही दोघांनी काय केलं ते सांगतो. मोठं काही नाही. एका शंभर पानी वहीत घरखर्च लिहायला सुरुवात केली. भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला सांगितलं की मिळकतीचे चार भाग करावेत, एक खायला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी ठेवावा. गिरणीच्या पगारात चौथा भाग कुठून निघणार! आम्ही दहावा काढला, काही महिने तोही निघाला नाही. दुसरं म्हणजे, माझी सुट्टी असे त्या दिवशी मी चिंचपोकळीला एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात फुकट बसायला लागलो. जळलेली मोटार उघडायची, तांब्याची तार मोजायची, नवी गुंडाळायची. दुकानदार आधी म्हणाला, गिरणीवाला मेंढरासारखा असतो, कळपाबाहेर पडत नाही. वर्षभराने स्वतःच किल्ली माझ्याकडे देऊन गावाला गेला.

२००१ साली गिरणी बंद झाली. माझा शेवटचा धरण्याजोगा पगार ५,२०० रुपये आणि भरलेली वर्षं १४. ग्रॅच्युइटीचा हिशोब सगळ्यांनी पाठ करा: पगाराला सव्वीसने भागा, पंधराने गुणा, आणि वर्षांनी गुणा. माझे ५,२०० चे झाले दोनशे, दोनशेचे तीन हजार, आणि चौदा वर्षांचे ४२,०००. ऑफिसने मला ३६,००० चा कागद दाखवला होता, बदलीची पहिली दोन वर्षं धरली नव्हती. माझ्याकडे बदली पास आणि पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या, म्हणून सहा हजार परत मिळाले. बरोबरच्या कितीतरी जणांनी पास फाडून टाकले होते. गिरणी कामगारांच्या घरांचंही तसंच आहे. १ जानेवारी १९८२ ला जो हजेरीपटावर होता तो किंवा त्याचा वारस पात्र, असं ठरलं आणि २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली. तेव्हा तीस वर्षांपूर्वीचा तिकीट नंबर शोधत माणसं हिंडत होती. आईने वडिलांचा पास ट्रंकेत कपड्यात गुंडाळून ठेवला होता, म्हणून आमचा अर्ज तरी झाला. नंबर अजून लागलेला नाही, ते जाऊ द्या.

तर सगळं मिळून १,३८,००० रुपये हातात आले. एवढे पैसे मी जन्मात एकत्र पाहिले नव्हते. देणं होतं १८,००० ते आधी फेडलं. उरले १,२०,०००. मी स्वतःला श्रीमंत समजायला लागलो. मुलांच्या आईने वही काढली आणि विचारलं, "आवो, गावाकडं महिन्याला अडीच हजार लागत्याल. हे किती महिनं पुरंल ते सांगा." अठ्ठेचाळीस महिने. चार वर्षं. त्या दिवसापासून आमच्या घरात पैसा रुपयांत मोजला नाही, महिन्यांत मोजला. भाऊबंदांनी घर बांधायचा सल्ला दिला, घर म्हणजे चाळीस महिने. मोटारसायकल म्हणजे सोळा महिने.

आणि तरीही मी चूक केली. ती इथं सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी शहाणा आणि तुम्ही वेडे असं होईल. पैसे तीन वर्षांत दुप्पट करून देणारा एक ओळखीचा माणूस भेटला, आपल्याच समाजाचा, जयभीम घालूनच बोलायचा. त्याला ३०,००० दिले, घरात न विचारता. तो सहा महिन्यांत गायब. घरी सांगायला मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी माझ्या बापासारखा गप्प बसत होतो, जेवताना मान वर करत नव्हतो. दहाव्या दिवशी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हंजी बारा महिनं गेलं." आणि वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती बंगलेवाल्यांच्या बागेत निंदणीला जायला लागली. मला ते फार लागलं. बायकोच्या मजुरीवर जेवायचं! पुरुषमाणसाला हे लागतं, खोटं कशाला बोला. पण गिरणगावात संपाच्या काळात कुणाच्या जिवावर चुली पेटल्या? खानावळवाल्या बायकांच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि गटाच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणून त्या सावकाराच्या दारातून सुटल्या. मी हे सगळं भाषणात सांगत होतो आणि घरात मात्र तोंड पाडून बसत होतो.

वाइंडिंगचं काम इथं जमायला दीड वर्ष गेलं. सुरुवातीला शेतावरच्या पंपाचे लोक पैशाऐवजी तांदूळ देत. मग बंगले वाढले, बोअर वाढल्या, आणि उन्हाळ्यात मोटार जळाली की रात्री माणूस दारात. आज माझं दुकान लहानच आहे. पण गिरणीत चौदा वर्षांत मला कुणी 'मिस्त्री' म्हटलं नव्हतं.

आता कायद्याचं थोडं, कारण जिच्या घरातला पोरगा ठेकेदाराकडे आहे त्या आईला हे माहीत पाहिजे. कामावरून कमी करताना ठेकेदार शेवटचा पगार पुढे ठेवतो आणि म्हणतो, इथं सही कर. तो कागद बहुतेक वेळा राजीनामा असतो. राजीनामा दिला म्हणजे तुम्ही स्वतः काम सोडलं, मग कामगार कपातीची भरपाई मागता येत नाही. कपात केली असेल तर, एक वर्षाची सलग नोकरी झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर भरलेल्या वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, असा हक्क आहे. वर्षात २४० दिवस भरले की वर्ष धरतात. ते भरू नयेत म्हणून मध्ये मध्ये ब्रेक देतात हे तुम्हाला मी सांगायला नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या. त्यातही पंधरा दिवसांचा हिशोब राहिला आहे. कपात झालेल्याच्या खात्यावर आणखी पंधरा दिवसांचा पगार, नवं कौशल्य शिकण्यासाठी म्हणून, जमा व्हायचा आहे. पण कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागते ती आता तीनशे किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यालाच; पूर्वी ती शंभराला होती. म्हणजे आपल्या भागातले बरेच छोटे कारखाने त्यातून सुटले. त्या पोराने चार वर्षांच्या नोकरीनंतर त्या कागदावर न वाचता सही केली होती.

फंडाचं एवढंच सांगतो. काम सुटलं की सगळा फंड काढून टाकायची घाई करू नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते, ती वेगवेगळ्या ठिकाणची मिळून चालते, पण नंबर एकच ठेवला तर. ज्यांचे ईएसआयचे पैसे कापतात त्यांच्यासाठी २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना निघाली. बेकार झालेल्याला नव्वद दिवसांपर्यंत मदत मिळते, २०२० मध्ये ती निम्म्या पगाराइतकी केली. तिची मुदत वाढवत आणली आहे, म्हणून चौकशी करूनच अर्ज करा.

आणि ज्याला वाटतं की नोकरी गेली म्हणजे आपलीच लायकी नव्हती, त्याला मी बडोद्याची आठवण करून देतो. १९१७ साली बाबासाहेब विलायतेहून परत येऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, पण शिपाई लांबून फायली टाकत, आणि राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. बागेत झाडाखाली बसून त्यांनी डोळ्यांतून पाणी काढलं आणि मुंबईची गाडी पकडली. परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी, परत आले. मग काय केलं? शिकवण्या धरल्या. शेअरबाजाराचा सल्ला द्यायचं दुकान काढलं, जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं, ते बंद केलं. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. मित्राकडे हात पसरताना त्यांनी लाज धरली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ते जर गप्प बसले असते तर आपण आज कुठं असतो!

आता विहाराच्या जबाबदारीवर येतो. जयंतीची वर्गणी आपण घरटी ठरवतो आणि यादी फळ्यावर लावतो. ज्याचं काम सुटलं आहे त्याचं नाव त्या फळ्यावर 'बाकी' म्हणून राहतं. हे बंद करा. कार्यकर्त्यांनी त्याच्या घरी जाऊन नाव कमी केलं असं हळूच सांगावं आणि कुणाला कळू देऊ नये. दुसरं, विहाराच्या पायरीवर तरुण पोरगं सकाळी अकरा वाजता दिसलं की आपण मोठी माणसं विचारतो, "काय रे, आज सुट्टी का?" मीसुद्धा विचारतो. या प्रश्नामुळेच पोरं डबा घेऊन खोटी बाहेर पडतात. त्याऐवजी त्याला आत बोलवा, मायकची वायर दुरुस्त करायला लावा, काही पण काम सांगा. आयांनो, तुमच्या हातात पगार पडला नाही तर आधी शिव्या देऊ नका. आधी देणं किती आहे ते विचारा, आकडा लहान असतानाच.

समितीची परवानगी असेल तर येत्या रविवारपासून वंदना झाल्यावर मी इथेच बसणार आहे. चष्मा आणि पेन मी आणतो, वही तुम्ही आणा. नेमणुकीचा कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचा नंबर, ईएसआयचं कार्ड, जे असेल ते पिशवीत घालून आणा, चुरगळलेलं असलं तरी चालेल. ज्यांचं काम चालू आहे त्यांनी आधी यावं. आणि तो पोरगा माझ्या शेजारी बसणार आहे, त्याला मोबाईलवर फंड बघता येतो, मला येत नाही.

जयभीम.